आईसाठी राखलेलं कापड

केबोन, १० फेब्रुवारी

मिको,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात, जमलं तर. तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. फोनवर तू मला हसवतोस, मग मला काय बोलायचं होतं तेच मी विसरते, आणि नंतर भांडी घासताना स्वतःलाच शिव्या घालत बसते. लहानपणापासून हेच चाललंय. म्हणून कागद घेतला.

काच कुठे गेली, ते आधी सांग.

काचेची पेटी मी स्वतः सोलो शहरात जाऊन करून आणली होती. त्याआधी तू माझ्या टेबलासमोर बसून, माझ्याच डब्यातलं तेंपे संपवत म्हणाला होतास, "म्बाक रुम, नुसतं टांगायचंय. काचेत. कुणी बोटसुद्धा लावणार नाही. आईचं आहे ते, मला काय कळत नाही?" विद्यापीठाची ती दोन खोल्यांची गॅलरी मी इतकी वर्षं सांभाळतेय. 'म्बाक, म्बाक' करून ताईला गुंडाळणाऱ्या कलाकारांच्या थापा मला तोंडपाठ आहेत. 'म्बाक, रंग वाळलाय.' 'म्बाक, ह्याने भिंतीला काही होत नाही.' पण त्या दिवशी माझ्यासमोर कलाकार बसला नव्हता, धाकटा भाऊ बसला होता. निदान मला तसं वाटलं.

आईने ते कापड स्वतःच्या हाताने कपाटातून काढून दिलं, वाळ्याच्या मुळ्यांतून. तिला आनंद झाला होता रे. आजीच्या हातची बाटिक विद्यापीठात, काचेत, खाली आजीचं नाव. शेजारीपाजारी सांगून आली ती.

उद्‌घाटनाच्या दिवशी दुपारी तू मला खाऊचे डबे आणायला गावात पिटाळलंस. "तूच जा, दुसरं कुणी गेलं की शिळं घेऊन येतं." मी गेले, शहाणी. परत येऊन मागच्या व्हरांड्यात डबे लावत होते तर आतून हसण्याचा आवाज. म्हटलं, भाषणं आटोपली वाटतं. दारातून डोकावले तर काच नाही, पेटी नाही. कापड चार दोऱ्यांवर आडवं टांगलेलं, जमिनीपासून गुडघाभर वर, आणि खाली चटई. चटईवर आमचे डीन, पाक हार्दोनो, बूट काढून, पोट वर करून झोपलेले. पोरांची रांग लागली होती. एकाने खाली झोपायचं, दुसऱ्याने फोटो काढायचा, मग उठून जागा बदलायची.

तुला माहीत नाही असं नाही, तरी लिहूनच काढते, म्हणजे पुढे कानांवर हात ठेवायला नको. ती काळ्या-तपकिरी त्रिकोणांची नक्षी कुणी हौसेने नेसत नाही. माणूस गेलं की त्याच्यावर घालतात. आजीने ते कापड आईसाठी स्वतःच्या हाताने रंगवलं आणि आईने ते स्वतःच्या मरणासाठी राखून ठेवलं. एका माणसाचं असतं ते. जिवंत माणसाने त्याच्याखाली निजायचं नसतं, हे आपल्या घरात शेंबड्या पोरालाही कळत होतं. ते शेंबडं पोर तूच होतास.

आणि मग तू माइक हातात घेतलास. "आज माझी आई इथे आहे. इबू, तुम्ही येता?"

आई पहिल्या रांगेत, जांभळ्या कबायात. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती हसली. "मोंगो," म्हणाली, म्हणजे चला, तुमची इच्छा. तू तिचा हात धरून तिला चटईवर निजवलंस आणि दोऱ्या जरा सैल सोडल्यास, कापड अंगाला लागावं म्हणून. मी दारात, हातात डबा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिको. माझ्या आईवर तिचं मरणाचं कापड घातलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उठल्यावर तिने अंबाडा सारखा केला आणि मला म्हणाली, "न्दुक, पोरी, घरी चल. भात टाकायचाय." घरी जाऊन तिने खरंच भात टाकला. तेव्हापासून ती आडवी होत नाही. भिंतीला टेकून बसते, मान कलंडते तेवढीच झोप.

दुसऱ्या दिवशी बु सुकीर केळी घेऊन आली. आमच्या गॅलरीचा रखवालदार पाक सुकीर, त्याची बायको. आईचा हात दाबून म्हणाली, "कसं वाटतंय आता?" आजारातून उठलेल्या माणसाला विचारावं तसं. आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" पण केळी तिने तशीच ठेवलीत.

मी डीनकडे गेले. म्हटलं, काच परत लावा, नाहीतर काम उतरवा. ते म्हणाले, "बु रुमांती, पेपरात आलंय. आपल्याकडे एवढी माणसं कधी आली होती?" ते खरंय. एरवी उद्‌घाटनाला खाऊचे डबे उरतात आणि आठवडाभर आम्ही तेच खातो.

तू सांगितलंस तरच ते उतरवतील. सांग त्यांना.

रुम


केबोन, २ मार्च

मिको,

पत्र मिळालं. निदान हाताने लिहिलंस, एवढी लाज राखलीस. "आईने हो म्हटलं होतं, सगळ्यांसमोर." आणि पुढे ते नक्षीचं पुराण: ऐसपैस नक्षी, म्हणजे सगळ्यांना जागा; मरण सगळ्यांचं, म्हणून कापड सगळ्यांचं. मला वाटलं गॅलरीच्या भिंतीवरचा मजकूरच पाकिटात घालून पाठवलास की काय. अरे, ती नक्षी ऐसपैस असते जाणाऱ्याची वाट अडू नये म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्यांनी लोळावं म्हणून नव्हे.

ते राहू दे. आईच्या 'हो'चं बोलू.

हे तुझ्या परदेशी मित्रांना सांगितलंस तर ते मान डोलावतील. मी नाही डोलावणार. तू ह्याच घरात वाढलास. शेजारच्या पाक दारमोचं फणसाचं झाड आपल्या छपरावर वाकलं होतं, आठवतं? बाबा विचारायला गेले. चहा प्याले, गप्पा मारल्या, निघताना विषय काढला. पाक दारमो म्हणाले, हो हो, तोडा की. बाबा घरी आले आणि कोयत्याला हातही लावला नाही. काही दिवसांनी परत गेले. परत हो. परत बाबा गप्प. तूच विचारलं होतंस, "ते हो म्हणाले ना?" बाबा म्हणाले, "तोंडाने म्हणाले. आपणहून विषय काढतात का बघू." त्यांनी कधी काढला नाही. पावसाळ्यात कौलं फुटली, बाबांनी बदलली, आणि ते झाड अजून उभं आहे.

आपल्याकडे पहिलं 'हो' पाहुण्याला चहा द्यावा तसं असतं, ते द्यावंच लागतं. तू एकदा विचारलंस, तेही माइकवरून, भरल्या खोलीत, डीनसमोर. दुसरं काय म्हणणार होती ती? आणि हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू घरात विचारलं नाहीस. घरात विचारलं असतंस तर ती "हो हो" म्हणत चवळीच्या शेंगा मोडत राहिली असती, वर बघितलंही नसतं, आणि तुला उत्तर मिळालं असतं. परक्याने केलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय ठाऊक. तू तर सगळं ठाऊक असून केलंस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

प्रदर्शन संपलं. उतरवायला तू येशील वाटलं होतं, तू पोरांना पाठवलंस. कापड मी माझ्या हाताने सोडवलं. त्याला पावडर लागली होती, केसांचं तेल, एका टोकाला कुणाच्या तरी ओठांचा रंग. रिठ्याच्या पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं, परत धुतलं. डाग गेले. आईला विचारलं, आणू का?

ती म्हणाली, "धुतलंस ते बरं केलंस. पण तू नको आणूस. ज्याने नेलं त्याने आणावं. त्याने माझ्या हातात दिलं की ते परत माझं."

रागावून नाही म्हणाली. उलट बोलून टाकल्यावर तिला हलकं वाटलं असावं, कारण त्या दुपारी ती पहिल्यांदा आडवी झाली. कुशीवर, पण झाली.

तेव्हा आता सगळं तुझ्या हातात आहे. लेबारानला, ईदला घरी ये. दरवर्षी टेकवतोस तसं आईच्या गुडघ्यांवर डोकं टेकव, माफी माग, आणि कापड तिच्या हातात दे. गॅलरीच्या कोठीत वरच्या फळीवर ठेवलंय, मऊ कागदात गुंडाळून. आदल्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देते. एवढं केलंस की मी ह्या विषयावर तोंड उघडणार नाही, देवाशप्पथ. आणि फार लांबणीवर टाकू नकोस. विहिरीपर्यंत जाऊन आली तरी तिला धाप लागते.

रोजे सुरू झालेत. पहाटे उठून काही खातोस की नुसत्या कॉफीवर राहतोस? आई विचारतेय.

अनेक आशीर्वाद. बघ, जमले.

तुझी
म्बाक रुम


केबोन, ४ एप्रिल

तू आला होतास.

हे मी आधी लिहिते, कारण बाकीचं वाचताना तू मनातल्या मनात कारणं जुळवायला लागशील.

लेबारानच्या सकाळी आई बाबांच्या खुर्चीत बसली. जांभळा कबाया घातला नाही, हिरवा घातला. ओपोरचं कालवण तिने स्वतः केलं, मला नारळसुद्धा पिळू दिला नाही. लोक येत होते, गुडघ्यांना हात लावून जात होते, आणि प्रत्येक वेळी फटफटीचा आवाज आला की ती कबाया सारखा करत होती. दुपारी तुझा फोन आला. "इबू, माफ करा, मनापासून माफ करा. विमानाचं जमलं नाही, सिंगापूरलाच अडकलो." ती म्हणाली, "असू दे, ले, बाळा. काम महत्त्वाचं. जेवलास का?" फोन ठेवला आणि तुझ्या वाटणीचं केतुपत, भाताची पानात बांधलेली पुडी, ताटाखाली झाकून ठेवलं. म्हणाली, उद्या येईल एखादे वेळी.

काल सुट्टी संपली, गॅलरी उघडली. कोठीतली फळी रिकामी. म्हटलं चोरी झाली. पाक सुकीरला हाक मारली तर तो हसत हसत आला. "मास मिको आले होते की, आपले दादा! लेबारानच्या दुसऱ्या दिवशी, व्हॅन घेऊन. डीनसाहेबांचा फोन होता, कोठी उघडून द्या म्हणून. मला डबाभर बिस्किटं दिली. किती साधे आहेत हो अजून."

मी विचारलं, "घरी जातो म्हणाला का?"

"घरूनच आले असतील ना," तो म्हणाला बिचारा.

गॅलरीपासून घर किती लांब आहे, मिको? शाळा सुटली की तू ते अंतर अनवाणी पळत यायचास. भाताच्या खाचरांपलीकडे आपलं छप्पर दिसतं तिथून. तू तिथे उभा राहून कापड व्हॅनमध्ये चढवलंस, सह्या केल्यास, पाक सुकीरशी गप्पा मारल्यास, आणि आई इकडे ताटाखाली केतुपत झाकून बसली होती. हे काम तू कुणाकडून करवून घेतलं असतंस तरी मी समजले असते. तू स्वतः आलास.

डीनसाहेबांना विचारलं. "बु, काम कलाकाराचं असतं. एवढ्या मोठ्या संग्रहालयात लागतंय, आपल्या विद्यापीठाचं नाव होईल." मी म्हटलं, ते कलाकाराचं नाही, माझ्या आईचं आहे. "हो हो," म्हणाले, "भावना समजतात." आणि मला एक लाडू दिला.

आईला मी सांगणार नव्हते. काहीतरी बनवून सांगितलं असतं, कोठीची डागडुजी वगैरे. पण संध्याकाळी बु सुकीर भेटायला आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "मिको किती वाळलाय हो! आमचे हे म्हणत होते, तिकडे खायला मिळत नाही वाटतं."

आई चहा ओतत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"हो ना," आई म्हणाली. "वाळलाय खरा. मीही तेच म्हटलं त्याला. घाईत होता, उभ्या उभ्या येऊन गेला."

तुझी अब्रू झाकायला ती खोटं बोलली. जन्मात कधी खोटं न बोललेली बाई, रोजे संपून चार दिवस होत नाहीत तोवर. बु सुकीर गेल्यावर तिने ताट उचललं, आंबलेलं केतुपत सोडवलं आणि कोंबड्यांना टाकलं. मला म्हणाली, "कापडही नेलं का?" मी हो म्हटलं. ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ हातच धूत राहिली.

मला तुझा राग येतो, मिको. एवढा येतो की अक्षर बिघडलंय, ते तुला दिसतच असेल. मी ज्याला काखेत घेऊन आख्खं गाव हिंडले, तो मला आणि आईला चुकवून मागच्या दाराने पळून गेला. ते कापड परत आण. प्रदर्शन, करार, कुणाला दिलेला शब्द, ह्यातलं काहीही मला सांगू नकोस. आधीचा शब्द, काचेचा, आईला दिला होतास.

रुमांती


केबोन, २९ मे

मिको,

तुझं पुस्तक पोचलं, प्रदर्शनाचं. जाडजूड आहे. मी आईला दाखवणार नव्हते, पण टपालवाल्याने ते तिच्याच हातात दिलं.

दोन पानं भरून फोटो. आई डोळे मिटून पडलेली, हनुवटीपर्यंत कापड, बाजूला कुणाचे तरी मोजे घातलेले पाय. खाली लिहिलंय, 'कलाकाराची आई, स्वतःच्या मरणवस्त्राखाली.' आजीचं नाव नाही कुठे. मी शेवटपर्यंत शोधलं.

आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "कबाया चांगला आलाय," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी अशी दिसेन होय." मला रडू फुटलं, तर मलाच ओरडली. मग तिने ते पुस्तक कपाटात ठेवलं, वाळ्याच्या मुळ्यांत, कापडाची जागा रिकामी होती तिथे. मी काढायला गेले तर म्हणाली, राहू दे, त्याने केलंय ते.

तुझं पत्रही वाचून दाखवलं. "सप्टेंबरात प्रदर्शन संपलं की मी स्वतः घेऊन येतो, वचन. नाहीतर इबूंनाच इकडे आण, तिकिटं पाठवतो, त्यांनी स्वतः बघावं." आई म्हणाली, "विमानात? मला सारखं मोरीत जावं लागतं." आणि खूप हसली. मग ढास लागली आणि हसणं तिथेच थांबवावं लागलं.

तिचे पाय सुजलेत. बोट दाबलं की खळगा पडतो. हृदयाचं आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, मीठ बंद केलंय. ती चोरून खाते. मी डॉक्टरांना म्हटलं, माझा भाऊ सप्टेंबरात येणार आहे. त्यांनी गोळ्या कधी घ्यायच्या ते परत एकदा समजावलं. ह्यापेक्षा जास्त लिहीत नाही. आई शेजारीच बसलीय, काय लिहितेस विचारतेय. खुशाली, म्हटलं.

आता मी भांडत नाहीये, हात जोडून सांगतेय. एक दिवस ते भिंतीवरून काढ. एका दिवसाने संग्रहालय काही कोसळत नाही, मी गॅलरी चालवते, मला कळतं. विमानात बस, घरी ये, आईच्या हातात दे. तिने हातात घेतलं की झालं. मग हवं तर त्याच रात्री परत ने, सप्टेंबरपर्यंत तुझ्याकडे ठेव. तिला चालेल. मी विचारलंय तिला, आणि एकदाच विचारून थांबले नाही. गेल्या खेपेला तिने स्वतःच विषय काढला.

तिला ते कापड हवंय रे. आजीने दिलेलं तिच्याकडे तेवढंच आहे. तू नको म्हणालास तर मी पुन्हा कसं मागायचं ते मला कळत नाही.

म्बाक रुम


केबोन, १७ जुलै

मिको,

तीन दिवस तू एकच प्रश्न पाठवतोयस. उत्तर देते, पण आधी मंगळवारचं सगळं एकदा सरळ लिहू दे, कारण दारात उभं राहून तू माझ्यावर जो आरोप केलास तो माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आई सकाळी गेली. नमाज झाली, मी चहा ठेवला, परत आले तोवर गेली होती. पहिला फोन मी तुला केला. शेजारीसुद्धा कुणाला कळलं नव्हतं. तू रडलास. मीही रडले. किती दिवसांनी आपण दोघं एकत्र रडलो, आणि मला वाटलं, जाऊ दे, सगळं जाऊ दे, शेवटी एकाच आईची पोरं. तू म्हणालास, "म्बाक, थांब. मी कापड घेऊन निघतोय. माझ्याशिवाय तिला झाकू नकोस." मी हो म्हटलं, आणि ते खरं हो होतं. मशिदीचे पाक मोदिन दुपारच्या नमाजनंतर उचलायचं म्हणत होते, मी त्यांचे पाय धरून संध्याकाळची वेळ मागितली. मेलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये म्हणून ते कुरकुरले. पण कबूल झाले.

मशिदीच्या भोंग्यावरून आईचं नाव पुकारलं जायच्या आधी अंगणात गाडी थांबली. तुझा जोग्जाचा मित्र बोवो, काळा सदरा, खांद्यावर पिशवी. मला भरून आलं. म्हटलं, बघा, सगळ्यांत आधी हा धावून आला. खुर्ची दिली. तो बसेना. खाली बघत म्हणाला, "म्बाक, माफ करा. मिकोने सांगितलंय, कापड घालतानाचं तेवढं घ्यायचं. बाकी कशाला हात लावत नाही मी. पुढच्या खोलीत उजेड बरा आहे का?"

पिशवीत कॅमेरा होता. तिवईसुद्धा आणली होती.

मी विचारलं, "तुला कधी सांगितलं त्याने?"

"आत्ताच, सकाळी. तुमचा फोन येऊन गेला होता म्हणे. रडत होता हो."

म्हणजे माझा फोन ठेवलास आणि दुसरा फोन ह्याला केलास. विमानाचं तिकीट काढायच्याही आधी. माझ्याबरोबर रडत होतास तेव्हा तुझ्या डोक्यात उजेड होता. तुला आईला झाकायचं होतंच, मी नाही म्हणत नाही. पण ते तुला बघायलाही हवं होतं, पुन्हा, आणि लोकांनाही. माझ्या अश्रूंची मला किळस आली.

मी आत गेले आणि पाक मोदिनना म्हटलं, थांबायचं नाही, दुपारीच.

बोवोवर माझा राग नाही. त्याला चहा दिला, कॅमेरा मागून घेतला आणि तांदळाच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. त्याने निमूट दिला. जनाज्याला त्यानेच खांदा दिला, तुझ्या जागी. तू दिवेलागणीला लाकडी पेटी घेऊन दारात उभा राहिलास तोवर आईला मातीआड करून आम्ही हातपाय धुतले होते. आणि तू मला म्हणालास, "तू शब्द दिला होतास." मी. मी शब्द दिला होता. घरात दहा बायका बसल्या होत्या, म्हणून मी तुझ्या मुस्काटात मारली नाही.

पेटी तू परत नेलीस. ते बरं केलंस. आता ते कापड मी मागणार नाही, इथे त्याचं कुणाला काही काम नाही.

आता तुझा प्रश्न. मग आईवर काय घातलं?

बायकांनी तिला आंघोळ घातली, पांढऱ्यात गुंडाळलं, पुढच्या खोलीत आणलं. दार लावलं. मी एक टोक धरलं, बु सुकीरने दुसरं, आणि आम्ही तिच्यावर घातलं. काय घातलं, नवं की जुनं, कुणाचं, कसल्या रंगाचं, ते त्या खोलीतल्या बायकांना माहीत आहे. त्यांना विचारून बघ. बु सुकीरच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिच्यापासून सुरुवात कर. ती तुला केळी देईल, जेवायला वाढेल, आणि सांगणार नाही. मीही सांगणार नाही, आत्ता नाही आणि म्हातारपणीही नाही.

हा सूड आहे असं तुला वाटेल. माझ्यापुरतं म्हणशील तर थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण मूळ हुकूम आईचा. जूनमध्ये एका सकाळी ती अंगणात उन्हाला बसली होती, मी तिची नखं कापत होते. म्हणाली, "न्दुक, त्या कापडाची वाट बघणं आता पुरे." आणि त्याच्याऐवजी तिच्यावर काय घालायचं ते मला सांगितलं. मी म्हटलं, मिकोला कळवू का?

"नको. त्याला सांगितलंस तर तो ते लोकांना दाखवेल."

मी विचारलं, रागावलीस त्याच्यावर?

"नाही गं," म्हणाली. "चांगला आहे तो. पण त्याला राहवणार नाही."

रुमांती